लान्सारोतेस जाण्यापूर्वी बीदर



गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता एका रविवारी मिस्सा आटोपून मी पडवीत येऊन बसलो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध जोडपे समोर येऊन उभे राहिले. औराद तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी माणसे. तूर, सोयाबीन आणि जोंधळा ह्यांच्या पलीकडे कोणाच्या देण्याघेण्यात नसणारी. त्यांना सारे गाव काका आणि मावशी म्हणते, मीही तसेच म्हणतो. काकांनी सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या हाती एक छायाचित्र दिले. निळाशार समुद्र, त्याच्या काठी शुभ्र बुटकी घरे, आणि घरांमागे पाहावे तर दूरवर पसरलेला काळाकुट्ट, ओबडधोबड, करपलेला मुलूख.

त्यांचा मुलगा तेथे आहे. हॉटेलविद्येचा अभ्यास करून तो प्रथम प्रवासी जहाजावर लागला आणि आता लान्सारोते नावाच्या स्पॅनिश बेटावर समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलाच्या स्वयंपाकघरात काम करतो. तीन वर्षे झाली, त्याला घरी येता आलेले नाही. नाताळात आपल्याकडे घरोघरी मुले परततात, आणि नेमका तोच तेथील हॉटेलांचा भरगच्च हंगाम, कारण उत्तर युरोपातील लोक थंडीला कंटाळून ह्या उबदार बेटांकडे धाव घेतात. तेव्हा मुलाने उलटाच बेत काढला होता. आईबापांनीच पंधरा दिवसांच्या सुट्टीवर तिकडे यावे, तिकिटाचे पैसे तो पाठवील.

"कागदपत्राचं आमच्यानं होत न्हाई, फादर," काका म्हणाले. "तुम्ही आखून द्या."

आखून देण्यास माझी ना नव्हती. परंतु बोलता बोलता ध्यानात आले की दोघांचीही मनातून जाण्याची तयारी नाही, आणि दोघांची कारणे निराळी आहेत. काकांना मुळात सुट्टी ही गोष्टच पटत नव्हती. घरची विंधन विहीर दोन उन्हाळे कोरडी पडली आहे. तिकिटाच्या पैशात दुसरी विहीर घेता येईल असा त्यांचा सरळ हिशेब. मावशी पैशाविषयी काहीच बोलल्या नाहीत. काका बाहेर चप्पल शोधू लागले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "समुद्राचं मला काही न्हाई. पण त्या काळ्या दगडाखाली अजून जाळ हाय म्हणं. पोरगाच बोलला. जमीन हलली की माझा जीव जातो, फादर."

मावशींचे माहेर उमरग्याकडचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसे मेली, त्या रात्री त्या माहेरी होत्या. दगडमातीच्या जाड भिंती कशा आत कोसळल्या हे त्यांनी पाहिले आहे. अशा बाईला ज्वालामुखीच्या बेटावर विसाव्यासाठी पाठवावयाचे तर तिच्या भीतीला आधी काही उत्तर द्यावयास हवे. मी आठवड्याची मुदत मागून घेतली आणि पुस्तके काढून बसलो.

लान्सारोते हे कानारी बेटांपैकी एक. बेटे स्पेन देशाची, पण स्पेनपासून सुमारे हजार किलोमीटर दूर. उलट आफ्रिकेचा मोरोक्कोचा किनारा लान्सारोतेहून सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. आपल्या वाचकांना ह्या बेटांची एक ओळख आधीपासून आहे, फक्त ती ह्या नावाने नाही. ब्राझीलचे प्रेषित म्हणून ज्यांचा गौरव होतो ते येशूसंघीय संत जुझे दे आंच्येता १५३४ साली ह्याच समूहातील तेनेरिफे बेटावर जन्मले. फ्रान्सिस पोपमहोदयांनी २०१४ साली त्यांना संत घोषित केले. ग्वातेमालातील गोरगरिबांचे सेवक संत पेद्रो दे बेतान्कूर हेही त्याच बेटाचे. सहलींच्या रंगीत पत्रकांत ह्यांपैकी काही आढळत नाही; तेथे पोहण्याचे तलाव, छत्र्या आणि खुर्च्या एवढाच मजकूर असतो, जणू त्या किनाऱ्यावर हॉटेले उभी राहण्यापूर्वी कोणी राहतच नव्हते.

लोक राहत होते, आणि त्यांच्या शेतांवर काय ओढवले ते आपणास ठाऊक आहे ते मुख्यतः एका धर्मगुरूमुळे. डॉन आन्द्रेस लोरेन्सो कुर्बेलो हे याइसा ह्या गावचे धर्मगुरू होते. १ सप्टेंबर १७३० रोजी रात्री नऊ ते दहाच्या सुमारास, त्यांच्या गावापासून जवळच, तिमानफाया येथे धरणी फाटली. प्रथम एक डोंगर उठला, मग शिलारसाचे लोट वाहू लागले. खेडी एकामागून एक गाडली गेली, गुरे गुदमरून मेली, समुद्रात मेलेले मासे तरंगू लागले. हे सारे कुर्बेलो दिनांकवार लिहून ठेवीत होते. त्यांचा वृत्तान्त डिसेंबर १७३१ पर्यंत येतो, आणि तेथे थांबतो, कारण तेव्हा त्यांना आपल्या लोकांसह दुसऱ्या बेटावर आसरा घ्यावा लागला. मूळ लिखाण हाती लागत नाही. पुढे लेओपोल्ड फॉन बूख नावाच्या जर्मन भूशास्त्रज्ञाने तो मजकूर छापला म्हणून तो टिकला. उद्रेक मात्र १७३६ पर्यंत चालू होता. बेटाचा जवळजवळ चौथा हिस्सा, तोही चांगल्या शेतीचा, काळ्या दगडाखाली आणि राखेखाली गेला.

हा वृत्तान्त वाचताना मला माझ्या धर्मग्रामाची जन्ममृत्यूची नोंदवही आठवली. नावे, तारखा, घरे. एका माणसाने करावयाचे ते एवढेच असते, आणि कधी कधी तेच उरते.

तेथील मान्चा ब्लांका ह्या खेड्यात दुःखी मातेचे मंदिर आहे. परंपरा अशी सांगते की १७३६ साली लोकांनी मातेची प्रतिमा घेऊन शिलारसासमोर मिरवणूक नेली, आणि तो थांबला. मंदिर बांधण्याचा नवस मात्र भय सरल्यावर पुष्कळ वर्षे विस्मरणात गेला. पुढे एका धनगराच्या पोरीस मातेने दर्शन देऊन त्याची आठवण करून दिली, तेव्हा मंदिर झाले. नवस बोलून विसरणारी माणसे सर्व मुलखांत सारखीच दिसतात! आज 'ज्वालामुखींची माता' ह्याच नावाने ती ओळखली जाते आणि १५ सप्टेंबरला, दुःखी मातेच्या सणाच्या दिवशी, बेटावरील लोक पायी तेथे जातात.

पुढल्या रविवारी मी हे सर्व मावशींना सांगितले. काही लपविले नाही. लान्सारोतेवरील शेवटचा उद्रेक १८२४ सालचा, त्यास दोनशे वर्षे उलटली. पण तिमानफायाच्या एका टेकडीवर अजूनही थोड्याच फुटांखाली इतकी धग आहे की भोकात घागरभर पाणी ओतले तर क्षणात वाफेचा फवारा उसळतो, आणि तेथील उपाहारगृहात जमिनीच्या उष्णतेवर मांस भाजतात. त्याच समूहातील ला पाल्मा बेटावर १९ सप्टेंबर २०२१ रोजी नवा उद्रेक झाला व तो पंच्याऐंशी दिवस चालला. हजाराहून अधिक घरे गेली, आणि तोदोके गावचे संत दहावे पायस ह्यांचे मंदिर घंटामनोऱ्यासह शिलारसाखाली कोसळले. परंतु त्यापूर्वी आठवडाभर धरणीचे बारीक कंप मोजले जात होते, म्हणून हजारो माणसे वेळेवर हलविता आली. किल्लारीस असा इशारा कोणी देऊ शकत नव्हते.

"म्हंजी तिथला जाळ सांगून येतो," मावशी म्हणाल्या.

"बहुधा," मी म्हटले. त्याहून अधिक म्हणणे खरे झाले नसते.

मग त्यांनी असा प्रश्न विचारला की मला पुन्हा पुस्तकांकडे जावे लागले. "फादर, फोटोतला दगड आपल्या शिवारातल्या दगडासारखाच कसा?"

वाचकहो, तो तसाच आहे, कारण तो तोच आहे. आपण ज्यावर नांगर धरतो ती काळी जमीन म्हणजे झिजलेला शिलारस होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या ह्या भागात धरणीला लांबच लांब भेगा पडून शिलारसाचे थरावर थर पसरले. आज त्यांनी व्यापलेला प्रदेश पाच लाख चौरस किलोमीटरांच्या घरात आहे. सह्याद्रीकडे हे थर फार जाड, आणि पूर्वेकडे पातळ होत होत बीदर व कलबुर्गी ह्या जिल्ह्यांत ते संपतात. म्हणजे आपण ह्या काळ्या समुद्राच्या काठी राहतो. तिमानफायाने सहा वर्षांत दोनशे चौरस किलोमीटर झाकले म्हणून जग पाहावयास जाते. आपल्या पायाखालच्यास कोणी तिकीट लावलेले नाही.

मग येथे खालून जाळ कधी येईल काय? ज्या तप्त स्थानावरून तो शिलारस वर आला ते जागीच राहिले, आणि आपली भूमी कोट्यवधी वर्षे उत्तरेकडे सरकत गेली. शास्त्रज्ञ सांगतात की ते स्थान आज हिंदी महासागरात रेयुन्यों बेटाखाली आहे, आणि तेथे ज्वालामुखी अद्याप जागता आहे. आपल्याखाली आता तो नाही. किल्लारीचा भूकंप जाळामुळे झाला नव्हता. खाली दाबलेल्या जुन्या खडकावरील ताण एका रात्रीत सुटला, एवढेच. हे ऐकून मावशींची भीती गेली असे मी म्हणणार नाही. पण त्या म्हणाल्या, "मग मला आधी आपलंच दाखवा की. बीदरचा किल्ला मी येष्टीतूनच बघितला."

साठीची बाई, माहेर उमरग्याचे, सासर औरादचे, आणि मधले बीदर तिने कधी पाहिले नव्हते! मुलांची शिक्षणे, दवाखाने, बाजार, ह्यांसाठी ती दहादा तेथे गेली असेल. पाहण्यासाठी म्हणून एकदाही नाही. आमच्या धर्मग्रामातील किती घरांची हीच कथा आहे ते मी मोजू इच्छीत नाही, कारण बीदरला येऊन पाच वर्षे झाल्यावर मीही अष्टूरला पहिल्यांदा गेलो तो ह्याच जोडप्याबरोबर.

पासपोर्टासाठी कलबुर्गीची तारीख मिळाली होती. तेव्हा आदल्या दिवशी बीदर पाहावे, रात्री तेथेच मुक्काम करावा आणि सकाळच्या गाडीने कलबुर्गी गाठावी असा बेत ठरला. लान्सारोतेच्या सुट्टीची ही रंगीत तालीम, असे मी विनोदाने म्हटले. पण तालीमच अधिक रंगली.

बीदर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे बावीसशे फूट उंचावर आहे, आणि ते काळ्या दगडावर नव्हे, तांबड्या दगडावर वसले आहे. हा जांभा. काळ्याच दगडाचा वरचा भाग युगानुयुगे ऊनपावसात कुजून, चाळणीसारखा होऊन, तांबडा झाला. म्हणजे वर तांबडी जाळीदार टोपी आणि खाली घट्ट काळे डोके. किल्ल्याभोवतीचा तिहेरी खंदक ह्याच जांभ्यात कोरून काढला आहे. काका त्याच्या काठावर उभे राहून बराच वेळ खाली पाहत होते. शेवटी म्हणाले, "आमच्या गड्यांना हे काम दिलं असतं तर नातवंडं आली असती तरी झालं नसतं."

आत रंगीन महालात काळ्या पाषाणात शिंपल्याचे चकचकीत तुकडे बसवून वेली काढल्या आहेत. समुद्र शेकडो मैल दूर, आणि शिंपला येथे, शिलारसाच्या दगडात! मावशींनी बोट लावून पाहिले. गावात १४७२ साली महमूद गावान ह्या वजिराने बांधलेला मदरसा आहे. त्याच्या एका मनोऱ्यावरील निळ्या कौलांची नक्षी अजून शाबूत आहे. गावान इराणातून आलेला विद्वान पुरुष. खोट्या पत्राच्या आरोपावरून १४८१ साली त्याचा शिरच्छेद झाला आणि त्यानंतर बहामनी राज्य फार दिवस एकसंध राहिले नाही. अष्टूरला त्या सुलतानांच्या कबरी एका रांगेत उभ्या आहेत. पैकी एक विजेने उभी चिरली आहे, अर्धा घुमट आभाळात उघडा. अहमदशाह वलीच्या कबरीवर दरवर्षी उरूस भरतो आणि त्यास आळंद तालुक्यातील माड्याळचे जंगम मानाने येतात; लिंगायत बांधव त्या सुलतानास अल्लमप्रभूंच्या ठायी मानतात. आपल्या सीमाभागात हे असेच आहे. कानडी, मराठी, उर्दू, तेलुगू ह्यांची जशी बोलताना सरमिसळ होते तशी नमस्कारांचीही होते.

मात्र काकांना जेथून हलविणे मला अवघड गेले ती जागा किल्ला नव्हे आणि कबरीही नव्हेत. ती नौबाद. शहराबाहेर, माळावर, एका ओळीत ठराविक अंतराने विहिरी खणलेल्या आहेत, वीसहून अधिक. आणि त्या सर्व खालून एका भुयाराने जोडलेल्या आहेत. लोक तिला सुरंग बावी म्हणतात. जाणकार तिला करेझ म्हणतात. ही इराणची विद्या, बहामनी काळात येथे आली. पुष्कळ वर्षे ती गाळाने बुजून विस्मृतीत गेली होती. केरळातील एका भूगोलाच्या प्राध्यापकांनी मोजणी केली आणि गेल्या दशकात तिचा मोठा भाग उपसून मोकळा झाला. दोन किलोमीटरांहून अधिक लांबीचे हे भुयार, आणि त्यातून पाणी पंपावाचून, केवळ उताराने वाहते.

पाणी येते कोठून ते मी तेथे उभा राहून काकांना सांगितले. वरचा जांभा जाळीदार असल्याने पाऊस त्यात मुरतो. खाली घट्ट काळा दगड लागला की थांबतो, आणि दोहोंच्या सांध्याने आडवा चालू लागतो. पठाराच्या कडेस हा सांधा उघडा पडला की झरा फुटतो. नरसिंह झरा तो हाच, जेथे भाविक भुयारातून छातीएवढ्या पाण्यातून दर्शनास जातात. पापनाशचे पाणी तेच. आणि गुरू नानकदेवांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी जो गोड झरा दिला असे शीख बंधू मानतात तो नानक झिराही त्याच कडेला. करेझ खोदणाऱ्यांनी झऱ्याची वाट पाहिली नाही, ते सांध्यातच शिरले.

काकांनी विहिरीत खडा टाकला आणि कान देऊन ऐकले. मग विचारले, "आमच्या शिवारात जांभा हाय का?" नाही. तेथे निव्वळ काळा दगड, आणि त्यात पाणी फटींतच राहते. फट लागली तर विहीर, न लागली तर धूळ. त्यांच्या दोन्ही उन्हाळ्यांचा हाच अर्थ होता. नवी विंधन विहीर म्हणजे त्याच फटींवर लावलेला दुसरा जुगार, हे त्यांना मी सांगावे लागले नाही. ते गप्प झाले. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते आठवत असावे.

दुसऱ्या दिवशी कलबुर्गी. बीदर ते कलबुर्गी हा लोहमार्ग २०१७ साली सुरू झाला. हुमनाबादवरून, मरगुत्तीच्या बोगद्यातून गाडी जाते, आणि वाटेत कमलापूर लागते, जेथील तांबडी केळी प्रसिद्ध आहेत. पासपोर्टाचे काम दोन तासांत उरकले, त्याविषयी लिहिण्याजोगे काही नाही. दुपारी किल्ल्यातील १३६७ सालची मशीद पाहिली. तिचे सबंध अंगणच छताखाली घेतले आहे, आणि कमानींमागून कमानी पाहत आत चालताना उन्हाचा ताप विसरतो. कानडीत कल्लु म्हणजे दगड. कलबुर्गी म्हणजे दगडांचा मुलूख असा अर्थ सांगतात. आणि खरोखरच येथे दगड बदलतो. काळा थर संपतो आणि त्याखालचा, त्याहून कितीतरी प्राचीन, चुनखडीचा दगड उघडा पडतो. तो आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे: शहाबादी फरशी! मावशींनी आयुष्यभर जी पुसली ती ह्याच शहाबादची. मी हे सांगितल्यावर त्या स्थानकाच्या बाकावर बसून हसू लागल्या. "म्हंजी शिवारात एक दगड आन् घरात दुसरा."

घरी परतल्यावर खऱ्या आखणीस बसलो. प्रथम दिवस ठरवावयाचे. तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, जोंधळा फेब्रुवारी-मार्चमध्ये. मृगापूर्वी पेरणीची तयारी हवी. हॉटेलांची गर्दी नाताळापासून पास्कापर्यंत, आणि पुन्हा जुलै-ऑगस्टात शाळांच्या सुट्टीमुळे. शेतकऱ्याचे पंचांग आणि आचाऱ्याचे पंचांग समोरासमोर मांडले तेव्हा मे महिना तेवढा दोघांनाही मोकळा निघाला. मे महिन्यात आपल्याकडे चाळिसाच्या वर पारा. तेथे चोविसाच्या आसपास, पाऊस जवळपास नाहीच, पण वारा भरपूर. तेव्हा मावशींना शाल आणि डोक्याला घट्ट रुमाल. समुद्राचे पाणी थंड असते. त्यांनी त्यात उतरावे असा आग्रह मुलाने धरू नये हे मी त्यास स्वतंत्रपणे कळविले.

कागदांचे असे. युरोपच्या बहुतेक देशांस चालणारा शेंगेन व्हिसा काढावयाचा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी अर्ज जावाच लागतो. शुल्क माणशी नव्वद युरो. आजारपणाचा विमा किमान तीस हजार युरोंचा हवा. मुलाच्या खोलीवर उतरावयाचे तर त्याने तेथील पोलिसांकडून रीतसर निमंत्रणपत्र काढावे. हॉटेलात उतरावयाचे तर आरक्षणाचा कागद. मुलाने निमंत्रणपत्र पसंत केले. "माझ्या हाताला चव आहे की नाही ते त्यांना माझ्याच चुलीवर कळेल," असे त्याने लिहिले. येथून थेट विमान नाही. हैदराबादहून निघून वाटेत बदलावे लागते, आणि शेवटचा टप्पा माद्रिदहून तीन तासांच्या आतला.

पंधरा दिवसांत पाहावयाचे काय? मुलाच्या पहिल्या यादीत पाच किनारे आणि एक जलक्रीडा उद्यान होते. मी त्यातील चार किनारे खोडले. पुएर्तो देल कार्मेन राहू दिला, कारण तेथेच तो राहतो, आणि त्या बंदराचे नाव कार्मेल मातेवरून पडले आहे. मान्चा ब्लांका घातले, याइसा घातले. तिमानफाया मावशींच्या मर्जीवर सोडला. सेसार मानरिके ह्या तेथील चित्रकाराचे घर घातले, कारण ते घर शिलारसाच्या बुडबुड्यांतच बांधले आहे. आणि बेटावरील घरे ताडापेक्षा उंच असू नयेत, पांढरी असावीत, असा आग्रह ह्याच गृहस्थाने धरला, म्हणून ते बेट अद्याप काँक्रीटमध्ये बुडालेले नाही.

आणि ला हेरिया घातले, काकांसाठी. सांगण्याजोगी खरी गोष्ट ही. त्या बेटावर वर्षाकाठी दीडशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो; आपल्या बीदरला त्याच्या पाच पटींहून अधिक. नदी नाही. हॉटेलांचे आणि घरांचे पाणी समुद्राचे खारे पाणी गोड करून मिळते. असा कारखाना तेथे १९६४ सालीच निघाला, सबंध स्पेनमध्ये पहिला. पण शेतकऱ्यांना त्यापूर्वी दोनशे वर्षे कोण पाणी देणार होते? ज्या बारीक राखेने त्यांची शेते गाडली, तीच राख रात्री दव शोषून घेते आणि दिवसा खालची ओल उडू देत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी राखेत माणूसभर खोल, वाटीच्या आकाराचे खळगे खणले, तळाशी जुनी माती लागेपर्यंत. प्रत्येक खळग्यात द्राक्षाचा एकच वेल लावला आणि वाऱ्याच्या बाजूस काळ्या दगडांची गुडघाभर अर्धवर्तुळाकार भिंत रचली. असे हजारो खळगे आज डोंगरउतारावर आहेत. त्यांतील द्राक्षांची वाइन नावाजलेली आहे. मिस्सेसाठी ती वापरतात की नाही हे मुलाने पाहून कळवावे, असे मी त्यास सुचविले आहे.

मी ते छायाचित्र काकांना दाखविले. त्यांनी ते दोन बोटांनी मोठे केले, लहान केले, पुन्हा मोठे केले. वेल कितव्या वर्षी धरतो, राख किती बोटे, दर खळग्यास किती फळ, असे सात-आठ प्रश्न त्यांनी विचारले, ज्यांची उत्तरे मजपाशी नव्हती. मी म्हटले, "हे तेथे जाऊनच विचारावे लागेल."

"विचारतो," काका म्हणाले. विंधन विहिरीचे नाव त्यांनी त्या दिवशी घेतले नाही. आता त्यांनी बांधाच्या कडेला दोन खळगे खणून त्यांत बारीक मुरूम पसरला आहे आणि आंब्याची कोय लावली आहे. आपल्या मुरुमास राखेचा गुण नाही असे मला वाटते. पण ह्यात मी पडलो नाही.

राहिली पिशवी. विमानात माणशी तेवीस किलो सामान नेता येईल असे तिकिटावर आहे. मावशींनी पहिल्याच दिवशी तुपाचा डबा आणि खव्याची पोळी काढून ठेवली. दूध आणि मांस ह्यांपासून केलेले काहीही युरोपात नेऊ देत नाहीत हे मला त्यांना सांगावे लागले, आणि इतके कठीण काम मी पुष्कळ दिवसांत केले नव्हते. फळे व बियाणे ह्यांवरही कडक बंधने आहेत. मग उरले काय? जोंधळ्याचे पीठ, शेंगांची चटणी, कारळांची चटणी, काळा मसाला. मी त्यांना सांगितले की त्या बेटांवरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या भाजलेल्या धान्याचे पीठ खातात, त्यास गोफियो म्हणतात, आपल्या सातूसारखेच. ह्याने त्यांचे पुष्कळ समाधान झाले. सातू खाणाऱ्या माणसांत मुलगा राहतो आहे, मग तो अगदीच परका मुलूख नव्हे.

परवा किराणा दुकानातील काट्यावर पिशवी वजन करून पाहिली. सव्वीस किलो भरली. काका म्हणाले, "धोतरं काढ." मावशी म्हणाल्या, "पिठाला हात लावायचा न्हाई." शेवटी काकांची एक धोतरजोडी आणि मी दिलेले बेटाचे जाडजूड पुस्तक बाहेर निघाले. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख पुढल्या महिन्यातील आहे.